दोन मांड्यांवरची फांदी

वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर बसणाऱ्या काकांनी गेल्या दोन वर्षांत स्वतःला काय काय शिवून घेतले होते, याची यादी त्यांच्या बायकोला तोंडपाठ होती. सोफ्याचे कव्हर, उशीचा अभ्रा, पलंगावरची चादर आणि एकदा शेजारी गप्पा मारत बसलेल्या मेव्हण्याच्या शर्टाची बाही. तेव्हापासून मेव्हणा घरी आला की समोरच्या खुर्चीत बसतो.

याला कारण डॉक्टर. सिगारेट सोडायची तर हाताला काहीतरी चाळा हवा, असे ते म्हणाले. त्यांच्या मनात बहुधा बागकाम असावे. पण घराला बाग नव्हती आणि कपाटात बायकोची भरतकामाची रिंग होती. तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यात एक फूल अर्धे भरून ठेवून दिले होते. काकांनी ते फूल पूर्ण केले आणि मग त्यांना आवरणे कोणाला जमले नाही. वाचनाचे वेड आधीपासून होतेच, आणि खिडकीबाहेरच्या पक्ष्यांकडे बघत बसणे हा नोकरीचाच भाग आहे, अशी त्यांची समजूत होती.

"सिगारेट परवडली," बायको म्हणायची. "ती निदान कपड्यांना शिवली तरी जात नव्हती."

"माझं काम सुबक नसेल," काका म्हणायचे, "पण पक्कं असतं. तुझ्या भावाला विचार."

ही गोष्ट सांगणाऱ्याला काकांना हसायचा फारसा अधिकार नाही. त्याने एकदा पुस्तक वाचता वाचता अंगातल्या शर्टाला बटण लावले आणि ते आतल्या बनियनलाही लागले. ते दोन्ही कपडे अजून एकदमच धुतले जातात. पण तो विषय वेगळा.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होणार होत्या. बाई माणसांना त्यांच्या विभागाच्या नावाने हाक मारीत. म्हणजे काका 'देवघेव', आणि पुस्तकांची नोंद करणारी ताई 'कॅटलॉग'. बाईंना काम उत्तम यायचे आणि इतरांनीही ते उत्तमच करावे, असे त्यांना वाटायचे. कितीही चांगले केले तरी त्यांच्याकडून मिळायचे ते 'ठीक आहे'. एकदा छत गळायला लागले तेव्हा काकांनी एका दुपारीत चारशे पुस्तके कोरड्या खोलीत हलवली. कंबर धरून ते उभे असताना बाईंनी कपाटांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पण कवितांमध्ये कुक्कुटपालन आलंय."

बावीस वर्षे काका एका 'छान'ची वाट बघत होते. पगारवाढ मिळाली, चष्म्याचा नंबर वाढला, केस गेले. 'छान' काही मिळाले नाही. आपण पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ शाळेतल्या पोरासारखे शेऱ्यासाठी झुरतो, याची त्यांना स्वतःलाच लाज वाटायची. लाज वाटून झाली की ते पुन्हा झुरायचे.

आणि आता बाई चालल्या होत्या. म्हणून काकांनी त्यांच्यासाठी भरतकाम करायला घेतले. विषय ठरलेला होता. वाचन कक्षाच्या खिडकीबाहेर एक झाड होते, त्यावर पिवळ्या छातीचा एक छोटा पक्षी यायचा. रोज सकाळी बाई त्या खिडकीशी दोन मिनिटे उभ्या राहायच्या. तेवढ्या दोन मिनिटांत त्यांना कोणाचीही चूक दिसायची नाही. सगळा कर्मचारीवर्ग त्या पक्ष्याचा मनापासून आभारी होता.

तीन महिने काका घरी तो पक्षी भरत होते. लांबरुंद पांढऱ्या कापडावर आडवी फांदी, तिच्यावर पक्षी. खरे तर काम आठवड्यापूर्वीच झाले असते. पण काकांनी पक्ष्यांच्या पुस्तकात बघितले, तर पक्ष्याला पुढे तीन बोटे आणि मागे एक असते. काकांच्या पक्ष्याला पुढे पाच होती. पाय उसवले, पायांबरोबर फांदी उसवली, आणि निरोप समारंभाचा दिवस उजाडला तेव्हा पक्षी हवेत बिनपायाचा होता.

समारंभ चार वाजता हॉलमध्ये होता. दुपारी दोनला काका कापड, सुई, दोरा आणि संदर्भ विभागातले पक्ष्यांचे पुस्तक घेऊन वाचन कक्षातल्या खिडकीपाशी जाऊन बसले. कक्षात एकच माणूस होता. पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत रोज सगळी वर्तमानपत्रे वाचणारे एक आजोबा. ते पेपरमागे असले की नसल्यासारखेच असत.

आता इथे काकांची चूक झाली, आणि ती फक्त तीन छंद असलेल्या माणसाचीच होऊ शकते. डाव्या हातात त्यांनी पुस्तक धरले, बोटांची संख्या चुकू नये म्हणून. डोळे खिडकीबाहेर लावले, कारण पक्षी समोरच फांदीवर बसला होता. तोही त्यांच्याकडे पाठ करून. त्याच्या डोळ्याभोवती कडे आहे की नाही, ते काकांना बघायचे होते आणि तो काही वळायला तयार नव्हता. उरला उजवा हात. कापडाखाली धरायला दुसरा हात नसल्याने काकांनी रिंग मांडीवर टेकवली आणि एका हाताने टाके घालत सुटले. एक भाग झाला की रिंग पुढे सरकवायची. फांदी डाव्या मांडीवरून निघाली आणि उजव्या मांडीवर पोचली.

मध्ये दोन-चारदा टोचले. पँट नवी होती, आजच पहिल्यांदा घातलेली. बायकोने आणलेली, चांगल्या जाड कापडाची आणि 'बसल्यावर आवळायला नको' म्हणून दोन मापे मोठी. नवी पँट टोचतेच, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली.

पावणेचारला डोळा सोडून सगळे झाले. काकांनी फांदीकडे बघितले आणि ते थक्क झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची उलटी टीप सरळ आली होती. कुठे चुणी नाही, कुठे ढिला टाका नाही. जणू खालून कोणी कापड ताणून धरले होते.

ते खूश होऊन उठले आणि लगेच खाली बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. मग कापडाचे टोक उचलून बघितले तर त्याबरोबर दोन्ही मांड्यांची पँट वर आली. फांदीने त्यांचे दोन्ही पाय एकमेकांना पक्के बांधले होते.

'गाढवा,' काका स्वतःला म्हणाले. 'निदान या वेळी तरी एकच पाय शिवायचा होतास.'

कात्री हवी होती. भरतकामाची छोटी कात्री बायकोने चादरीच्या प्रसंगानंतर लपवून ठेवली होती, त्यामुळे काका दोरे दाताने तोडत. पण दात मांडीपर्यंत पोचेनात. त्यांनी प्रयत्न करून बघितला. वाचनालयाची कात्री होती, पण ती सतत हरवते म्हणून अकरा वर्षांपूर्वी बाईंनी ती देवघेव खिडकीला तारेने बांधून टाकली होती. देवघेव खिडकी हॉलमध्ये होती. कात्री काकांकडे येऊ शकत नव्हती आणि काका कात्रीकडे जाऊ शकत नव्हते. पँट काढून ठेवावी, असाही एक विचार मनात आला. बावीस वर्षांच्या नोकरीकडे बघून तो त्यांनी सोडून दिला.

आजोबांनी पेपर खाली केला. "मघापासून बघतोय. वाकताय काय, उठताय काय. काय होतंय?"

"काही नाही आजोबा. पाय जरा..."

"जातायत का?"

"नाही, जात नाहीयेत," काका म्हणाले, "तोच घोटाळा आहे."

आजोबांनी आरोग्याची पाने पन्नास वर्षे वाचली होती. ते काठी टेकत तरातरा हॉलमध्ये गेले आणि देवघेवच्या माणसाच्या पायातली शक्ती गेली, असे सांगून आले. मिनिटभरात कॅटलॉगताई आणि शिपाई धावत आले. काकांनी घाईघाईने पक्ष्यांचे पुस्तक उघडून मांडीवर ठेवले.

"काका, पाय हलवून दाखवा बघू," ताई म्हणाली.

काकांनी पाय हलवले. दोन्ही एकदम हलले.

"एक-एक हलवा."

"एक-एक नाही हलत."

ताईचा चेहरा पडला. "मी काकूंना फोन करते."

"अगं, तिला नको," काका कळवळून म्हणाले. त्यांना खरोखरच भीती वाटली. "दुसरं कोणालाही कर."

पण फोन झाला होता. वाचनालयामागच्याच गल्लीत घर, म्हणजे काकू पाच मिनिटांत येणार. शिपाई तेवढ्यात पुस्तकांची ढकलगाडी घेऊन आला. "हॉलमध्ये नेऊ या. तिथे पंखा आहे, माणसं आहेत." तिथे कात्रीही आहे, हे काकांच्या लक्षात आले आणि त्यांनी विरोध सोडला. दोघांनी त्यांना उचलून गाडीवर बसवले. गाडीवर बाईंच्या अक्षरात पाटी होती: 'फक्त पुस्तकांसाठी'.

हॉल भरला होता. बाई उभ्या राहून बोलत होत्या. ढकलगाडीचे एक चाक कुरकुरायचे. त्याला तेल द्यायचे काम दोन वर्षे काकांकडेच होते. ते कुरकुरत आत आले आणि बाई बोलायच्या थांबल्या. तीस-चाळीस माना वळल्या.

"देवघेव," बाई म्हणाल्या, "हे काय?"

काकांनी तोंड उघडले, पण त्याच वेळी दारातून बायको आली. एका हातात जुन्या रिपोर्टांची फाइल, दुसऱ्या हातात गोळ्यांची पिशवी, पायात दोन वेगळ्या चपला. डोळे भरलेले. ती धावत ढकलगाडीपाशी आली, नवऱ्याचा हात धरला, कपाळ चाचपले. मग तिची नजर मांडीवरच्या पुस्तकाकडे गेली. पुस्तकाखालून पांढरे कापड आले होते आणि कापडातून सुई लोंबत होती. तिने पुस्तक दोन बोटांनी उचलले, खाली बघितले आणि परत ठेवले.

"पुन्हा?" ती म्हणाली.

हॉलमधल्या शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेले.

"अगं, या वेळी निदान पाय स्वतःचेच आहेत," काका पुटपुटले.

बाई पुढे आल्या. त्यांनी मांडीवरचे पुस्तक उचलले, आधी त्याचा शिक्का बघितला. "हे संदर्भ विभागातलं आहे," एवढे म्हणून त्यांनी ते कॅटलॉगताईकडे दिले. मग चष्मा नाकावर सरकवला आणि काकांच्या मांडीवर वाकल्या. सगळा हॉल टाचा उंचावून बघू लागला. काकांनी डोळे मिटून घेतले. एवढी लाज त्यांना मेव्हण्यासमोरही वाटली नव्हती.

"माझ्यासाठी आहे का हे?" बाईंनी विचारले.

"हो. म्हणजे होतं. तुमचा तो खिडकीतला पक्षी."

"डोळा कुठाय?"

"त्यानं तोंडच वळवलं नाही."

"पांढरं कडं असतं त्याला." बाई अजून वाकल्या. त्यांनी फांदीवरून बोट फिरवले. पायांपाशी ते थांबले आणि त्यांनी मनाशी बोटे मोजली. तीन आणि एक. काका श्वास रोखून बसले होते.

कॅटलॉगताईने गाडी देवघेव खिडकीपाशी नेली. तार ताणली तेव्हा कात्री जेमतेम काकांच्या गुडघ्यापर्यंत आली. "काका, दोरे कापू ना?"

काकांनी पक्ष्याकडे बघितले. तीन महिने. सरळ आलेली एकमेव टीप. पण चाळीस माणसांसमोर ढकलगाडीवर बसून राहायलाही काही मर्यादा असते. "काप," ते म्हणाले आणि ते अगदी रडायच्या बेतात आले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पक्ष्याला हात लावायचा नाही. पँट कापा."

"अहो बाई, नवी आहे ती," बायको न राहवून म्हणाली. "आजच घातलीय."

बाईंनी काकांच्या गुडघ्यापाशी पँटचे कापड चिमटीत धरले, चोळून बघितले. आणि बावीस वर्षांत वाचनालयाच्या भिंतींनी जो शब्द ऐकला नव्हता तो त्या म्हणाल्या.

"छान आहे. कापड छान आहे."

"मीच निवडलंय," बायको लाजून म्हणाली.

तीन महिने डोळे फोडले काकांनी आणि 'छान' मिळाले दुकानातून आणलेल्या पँटला. तेही बायकोच्या खात्यावर. हे हसण्यासारखे आहे हे त्यांना कळत होते आणि घरी गेल्यावर आपण हसू, असे त्यांनी ठरवले.

बाईंनी स्वतः कात्री घेतली. फांदीच्या कडेकडेने, एक टाकाही न दुखावता त्यांनी दोन्ही मांड्यांवरची पँट कापून काढली. पक्षी सुटला, त्याच्या पाठीला करड्या कापडाचे दोन तुकडे तसेच राहिले. काकांच्या पँटला दोन खिडक्या पडल्या. शिपायाने आपल्या रेनकोटची पँट दिली, ती घालून काकांनी उरलेला समारंभ उभ्याने ऐकला. निघताना बाई त्यांच्यापाशी आल्या.

"डोळा मी भरीन. शाळेत शिकले होते. आणि ती पँट पाठवून द्या. खाली भरपूर दुमड आहे, त्यातून ठिगळं लावून देते. एवढं चांगलं कापड टाकायचं नाही."

"आणि बाई," काकांनी सगळा धीर एकवटून विचारले, "भरतकाम?"

बाईंनी थोडा विचार केला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी पुडके आले. पँट धुऊन इस्त्री केलेली होती. ठिगळे इतकी बेमालूम होती की बोट फिरवूनच कळावीत. काका पलंगावर बसून ती घालायला लागले. उजवा पाय सुरळीत गेला. डावा मांडीपर्यंत जाऊन थांबला. त्यांनी जोर लावला, मग कमरेकडून पँट उलटून आत बघितले. डाव्या ठिगळाचे टाके पुढून मागे आरपार गेले होते. बारीक, एकसारखे, अतिशय सुंदर टाके.

तेवढ्यात फोन वाजला. बाई होत्या.

"मिळाली पँट?"

"मिळाली."

"ठिगळं कशी आहेत?"

बावीस वर्षांनी काकांची पाळी आली होती. तोंडावर 'ठीक आहे' अगदी तयार होते. पण त्यांच्याच्याने म्हणवेना. "छान आहेत," ते म्हणाले.

"पाय जातायत ना?"

काकांना खोटे बोलायचे नव्हते. "एक जातो," ते म्हणाले.

बाईंचा आवाज आला, नेहमीसारखाच कडक. "मला शंका आलीच होती. तुमचा पक्षी समोरच्या भिंतीवर लावलाय. चार टाके घातले की मान वर जाते. आठ टाके घातले की पुन्हा जाते. दिवसभर तेच. खिडकीतल्या खऱ्याकडेसुद्धा मी इतकी कधी बघत बसले नाही. मग माणसानं शिवणाकडे बघायचं कधी?"

काकांनी अडकलेला पाय तसाच ठेवून फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"परत पाठवा," बाई म्हणाल्या. "उसवून देते."

"नको, नको. राहू दे बाई," काका घाईने म्हणाले. "पक्कं झालंय."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

बायको दारात उभी होती. "काय म्हणाल्या?"

"उसवून देते म्हणाल्या. मी नको म्हटलं."

"नको काय? मग ही घालणार कशी?"

काकांनी दोन्ही पाय हळूच बाहेर काढले, टाका दुखावू नये म्हणून. पँट मांडीवर पसरून त्यांनी डाव्या ठिगळावरून हात फिरवला.

"घालायची कशाला?" ते म्हणाले. "आपल्याकडे एखादी मोठी फ्रेम आहे का गं?"